पेट्रोल संपणार असा मेसेज आला की आधी गाडीचा काटा बघा

फॅमिली ग्रुपवर "उद्यापासून पंप बंद, आजच टाकी फुल करून घ्या" असं आलं की लगेच पायात चप्पल सरकवून पळू नका. आधी पार्किंगमध्ये जा आणि काटा बघा. १ जानेवारी २०२४ ला ट्रक-टँकरवाल्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी हे केलं नाही. नाशिकच्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून दीड तास लाईनीत उभा राहिलो आणि नंबर आला तेव्हा ॲक्टिव्हात बसलं किती तर जेमतेम दीड लिटर, कारण टाकी पाऊण भरलेलीच होती!

आता हिशोब करा. ॲक्टिव्हाची टाकी ५.३ लिटरची, अर्धी असेल तर अडीच लिटर धरा, ॲव्हरेज ४० चं धरलं तरी १०० किलोमीटर कुठे गेले नाहीत, आणि रोजचं जाणं-येणं १५ किलोमीटर असेल तर सहा दिवस निघतात. तो संप दोन दिवसात मिटला होता. म्हणजे काटा अर्ध्यावर असेल तर घरी बसा, चहा प्या.

दुसरं, नक्की अडलंय काय ते बघा. त्या वेळी हिट अँड रनच्या नव्या कलमात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती म्हणून ट्रक-टँकरचे ड्रायव्हर संपावर गेले, आणि मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या तेल कंपन्यांच्या डेपोतून टँकर निघेनात. पेट्रोल होतं, आणायला माणूस नव्हता. २ तारखेला रात्री सरकारची वाहतूकदारांशी बोलणी झाली, कलम इतक्यात लागू करणार नाही म्हणाले आणि गाड्या हलल्या. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावात तर तेवढंही नव्हतं, इंडियन ऑइलनेच जाहीर सांगितलं की साठा भरपूर आहे, गर्दी करू नका. त्यामुळे मेसेज आला की तेल कंपनीच्या स्वतःच्या अकाउंटवर जाऊन बघायचं, मामांनी फॉरवर्ड केलेला लाईनीचा व्हिडिओ हा काही पुरावा नाही, लाईन काय, आपण सगळे उभे राहिलो की होतेच.

आणि पंप कोरडा पडतो तोही असाच. एरवी बाईकवाला शंभरचं टाकतो, म्हणजे एक लिटरच्या आसपास. त्या दिवशी तोच स्प्लेंडरवाला "फुल कर" म्हणतो, त्याची टाकी साडेनऊ लिटरच्या वर. चार दिवस पुरणारा माल मग संध्याकाळपर्यंत कसा टिकणार?

बरं, काटा खरंच खाली टेकलाय, जाणं भागच आहे, तर जा. पण लाईनीत घुसण्याआधी पुढे चालत जाऊन विचारा की पेट्रोल आहे का आणि किती देताय. त्याच संपात चंदीगडला प्रशासनाने दुचाकीला २ लिटर आणि चारचाकीला ५ लिटरची मर्यादा घातली होती. खिशात सुट्टी कॅश ठेवा, गर्दीत पेमेंट अडकलं की मागचे शंभर जण तुमच्याकडेच बघतात. लाईनीत इंजिन बंद करून गाडी ढकला. आणि तीन-चार दिवसांपुरतंच टाका.

माझ्यापुढचे एक काका नोझल थांबल्यावर गाडी डावी-उजवीकडे हलवून "अजून बसेल रे, टाक" करत होते, शेवटी पेट्रोल टाकीवरून उतू जाऊन गरम इंजिनापर्यंत ओघळलं आणि पंपावरचा पोरगा किंचाळलाच. नोझल आपोआप थांबलं म्हणजे झालं. प्लास्टिकच्या बाटलीत, कॅनमध्ये मागू नका, पंपवाला नाही म्हणाला तर वाद घालू नका. फ्लॅटच्या बाल्कनीत, खाली गॅसची शेगडी आणि वर देवघरातला दिवा, अशा ठिकाणी पाच लिटर पेट्रोल ठेवणारे लोक मी पाहिलेत.

कारवाल्यांनी मात्र अगदी रिझर्व्हवर लाल दिवा लागेपर्यंत ताणू नये, आतला फ्युएल पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, तो गेला तर खर्च मोठा. पाव टाकीच्या खाली आलं की एरवीच भरत जा, संप असो नसो. शेजारी कुणी डायलिसिसला किंवा नाईट ड्युटीला जात असेल तर त्यांना आधीच विचारून ठेवा, त्या दोन दिवसात तुमच्या गाडीवर मागे बसवून सोडता येतं.