समुद्राले लागून गाव, अन् पाणी जाते कुठं?

मुंबईत किनाऱ्याच्या पूरनियोजनाचं काम करतो, हे नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात आमच्या घरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा बाबांनी विचारलं, "समुद्राले लागून गाव, अन् पाणी समुद्रात जात नाही? मंग जाते कुठं?" या क्षेत्रात यायचं असेल तर आधी हाच प्रश्न समजून घ्या. अभ्यासक्रमाचं नंतर बघू.

नाला उतारानं वाहतो, हे आपल्याला वावरातच कळलेलं असतं. मुंबईत मात्र नाल्याचं तोंड समुद्रात उघडतं आणि मोठी भरती आली की समुद्रच नाल्यात शिरायला बघतो. म्हणून तोंडावरची दारं बंद करावी लागतात. त्याच वेळी वरून पाऊस कोसळला की पाणी रस्त्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात पडतो जवळपास तेवढा. जुने नाले ताशी २५ मिलिमीटरच्या हिशोबाचे होते. ती क्षमता ५० वर न्यायचं ठरलं, हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं झाली. हिंदमाता या दरवर्षी तुंबणाऱ्या सखल चौकाचं पाणी साठवायला तर दादर-परळमध्ये मैदानाखाली टाक्या बांधल्या. पाणी धरून ठेवायचं, भरती ओसरली की सोडायचं. जमिनीखालचं शेततळंच म्हणा ना.

आता माझी फजिती. पहिल्याच महिन्यात मी भरतीच्या वेळापत्रकातला ४.५ मीटरचा आकडा उचलला, नकाशावरची ४.५ मीटरची समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) शोधली आणि तिच्याखालचं सगळं निळं रंगवून साहेबांपुढे ठेवलं. अर्धा वॉर्ड बुडाला होता! वेळापत्रकातली उंची मोजतात ती नौकानयनाच्या नकाशाच्या शून्यापासून, आणि मुंबईत ते शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. जमिनीची उंची सहसा सरासरी पातळीपासून. म्हणजे ४.५ ची भरती जमिनीच्या मापात जेमतेम २ मीटर. त्यातही महापालिकेच्या जुन्या नकाशांचं शून्य आणखी तिसरंच. कुठलाही नकाशा हातात आला की आधी विचारा, शून्य कुठलं?

आपली पोरं पुढे असतात ती रेषेच्या बाबतीत. नदीकाठच्या गावाला पूररेषा शिकवावी लागत नाही : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतल्या पुराची लाल. किनाऱ्यावर तिच्या जागी भरतीरेषा आणि सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे केंद्राचे नियम (१९९१, २०११, २०१९ अशा तीन अधिसूचना, वाचायला कंटाळवाण्या, पण वाचाव्याच लागतात). ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात आमच्याच तालुक्यातलं मोवाड वाहून गेलं, दोनशेच्या वर माणसं गेली, गाव दुसरीकडे वसवलं. आमची मावशी आजही "जुनं मोवाड" म्हणताना थांबते. एका कोळीवाड्यातल्या बैठकीत "इथल्या लोकांना हलवू" असं कोणीतरी सहज म्हणून गेलं, तेव्हा मला ते थांबणं आठवलं. होडी लावायची, मासळी वाळवायची जागा म्हणजे त्यांचं खळंच. नवशिके 'स्थलांतर' हा शब्द फार स्वस्तात वापरतात. मीही वापरायचो.

लंडनचा २०१२ चा टेम्स खाडीचा आराखडा जरूर बघा. सगळी बांधकामं आजच ठरवायची नाहीत. पाणी अमुक इतकं चढलं तर हे, त्याहून चढलं तर ते, असं त्याचं सूत्र. बाबांना लगेच पटलं. पाऊस लांबला तर कपाशी किती अन् तूर किती, हे ते वेगळं काय करतात!

शिक्षणाचं थोडक्यात : सिव्हिल किंवा आर्किटेक्चर करा, मग गेट परीक्षा देऊन नियोजनाकडे किंवा जलसंपदेकडे वळा. नागपूरच्या व्हीएनआयटीत सोय आहे, अहमदाबादचं सेप्टही चांगलं. सरकारी वाट हवी असेल तर एमपीएससीची सहायक नगर रचनाकाराची परीक्षा. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि पावसाचं पाणी नाल्यांतून कसं वाहील ते बघायला एसडब्ल्यूएमएम, ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. गावच्या नाल्यावरच सराव करा.

आणि इंटर्नशिप पावसाळ्यातच घ्या, उन्हाळ्यात नाल्याच्या तोंडाशी बघण्यासारखं काही नसतं. अडचण एवढीच, की नेमकं तेव्हाच घरून फोन येतो : निंदण आलंय, मजूर मिळत नाहीत, चार दिवस ये. पहिल्या वर्षी मी अमावस्येची मोठी भरती सोडून गेलो आणि गाव गाठेपर्यंत निंदणही उरकलं होतं.