टर्बोसाठी इंजिन बांधताय? आधी रिंगची फट बघा

पाकिटातून काढलेली पिस्टन रिंग तशीच चढवू नका. टर्बो लागला की रिंग जास्त तापते आणि फुगते. रिंगच्या दोन टोकांमधली फट कमी असली तर ती टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) आवळते आणि पिस्टनची कड तुटून येते. महागाचा फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन असला तरी तो यातून वाचेलच असं नाही.

रस्त्यावरच्या टर्बो गाडीसाठी वरच्या रिंगचा ढोबळ हिशेब बोअरचा व्यास गुणिले 0.005. टोयोटाच्या 2जेझेड इंजिनचा बोअर 86 मिमी, म्हणजे फट साधारण 0.43 मिमी. रिंगच्या पाकिटातल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा. दुसऱ्या रिंगला बरेच जण थोडी जास्तच ठेवतात.

रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टन उलटा धरून ती इंचभर खाली ढकला म्हणजे सरळ बसते, मग फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. पाती किंचित ओढ देत सरकली पाहिजे. फट कमी पडली तर कानस मारून वाढवा. कानस एकाच टोकावर चालवायची, तीही बाहेरून आतल्या बाजूला. उलटी चालवली की बाहेरच्या मोलीच्या (मोलिब्डेनम धातूच्या) थराचा टवका निघून जातो. दोन-तीन घासे, पुन्हा मोजा. माझी एक रिंग गप्पांच्या नादात वाया गेली, कारण घासलेलं परत भरत नाही.

शेवटी टोकाची बारीक खरखर ऑइलस्टोनने (धार लावायच्या बारीक दगडाने) काढा आणि प्रत्येक रिंगच्या पिशवीवर सिलिंडरचा नंबर मार्करने लिहून ठेवा.