जुना लॅपटॉप विकण्याआधी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यामुळे २०१५-१६ चे धडधाकट लॅपटॉप अडकून पडलेत. ते विकू नका.

लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम आहे. तिची आयएसओ फाइल (सिस्टिमची पूर्ण प्रत) उतरवून रूफस या छोट्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा (पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा) आणि मशीन त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करत नाही तोवर हार्ड डिस्क जशीच्या तशी राहते. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन नीट जागं होतं का, एवढं नक्की तपासा. पेनड्राइव्हवरून थोडं संथ चालेल, त्यावरून मत बनवू नका.

अपडेटच्या बाबतीत मला मिंटच जास्त आवडतं. ते कामाच्या मध्येच आपणहून रीस्टार्ट होत नाही, आणि सिस्टिमबरोबर ब्राउझरचेही अपडेट एकाच जागी येतात. इन्स्टॉल केल्यावर टाइमशिफ्ट (सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवणारा मिंटमधला प्रोग्राम) पहिल्याच दिवशी चालू करा. एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टिम आधीच्या स्थितीत नेता येते. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र ते मुळात धरत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.

रोजचा हिशेब टॅलीवर असेल तर विंडोजच ठेवा, जुगाड करून चालवू नका. मराठी टायपिंगची काळजी नको, इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाणित मांडणी) कीबोर्ड सेटिंगमधूनच जोडता येतो.