गावच्या घराभोवती कॅमेरा घेऊन फिरण्याची तयारी, आणि सर्वांत आधी घड्याळ

गणपतीला गावी जाताना कॅमेरा बरोबर न्यायचा असेल, तर पिशवी भरण्यापूर्वी त्यातील तारीख आणि वेळ तपासावी. ही सूचना मी पुढेही पुन्हा पुन्हा करणार आहे आणि तिचा कंटाळा आला तरी ती वाचावी, कारण मागच्या खेपेला बाकीची सर्व तयारी चोख करून मी एवढी एकच गोष्ट विसरलो आणि रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराभोवती अकरा दिवसांत काढलेल्या सुमारे नऊशे छायाचित्रांच्या तारखा कायमच्या गमावून बसलो.

मे महिन्यानंतर कॅमेरा वापरायचा नव्हता, म्हणून शहाण्यासारखी बॅटरी काढून तो बंद डब्यात ठेवला होता. कॅमेऱ्याच्या आत केवळ घड्याळासाठी एक लहान बॅटरी असते आणि ती मुख्य बॅटरीवरच भरत राहते. मुख्य बॅटरी तीन-चार महिने बाहेर राहिली की ती आतली बॅटरी संपते आणि घड्याळ पुसले जाते. गावी पोचून कॅमेरा सुरू केला तेव्हा पडद्यावर तारीख विचारली गेली होती. पण त्याच क्षणी परसातल्या आंब्यावर धनेश येऊन बसला होता, म्हणून मी तो प्रश्न बंद केला आणि नंतर लावू म्हणून विसरलो. माझा कॅमेरा जुना. त्यातली ती लहान बॅटरी आता धड भरतही नाही. मी रोज रात्री मुख्य बॅटरी चार्जरला लावत होतो आणि रोज सकाळी घड्याळ पुन्हा 1 जानेवारीच्या मध्यरात्रीपासून सुरू होत होते. अकराही दिवस कॅमेऱ्याच्या लेखी 1 जानेवारीच होता.

छायाचित्र चांगले आले असेल तर तारखेचे एवढे काय, असे घरातही विचारले गेले. घराभोवतीच्या छायाचित्रांचे मोल माझ्या मते निम्मे तरी तारखेतच असते. न्हाणीच्या सांडपाण्यापाशी शेपटी हलवणारा करडा धोबी हा पक्षी यंदा कोणत्या दिवशी प्रथम दिसला, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेचा तेरडा कधी फुलला, सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, सीतेची आसवे ही इवली फुले किती दिवस टिकली, हे दरवर्षी नोंदले तर त्यातून काही कळते. तारीख नसेल तर हातात सुंदर चित्रे उरतात, तशी दुकानातल्या कॅलेंडरवरही असतात. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पाहिले होते, अशा आठवणीवर तर मुळीच विसंबू नये. गणेश चतुर्थी 2023 साली 19 सप्टेंबरला होती, 2024 साली 7 सप्टेंबरला आणि 2025 साली 27 ऑगस्टला. म्हणजे दोन वर्षांत ‘गणपतीचा दुसरा दिवस’ तेवीस दिवसांनी मागे सरकला, आणि सड्यावरच्या फुलांसाठी तेवीस दिवस म्हणजे जवळजवळ दुसरा हंगाम. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद चढवताना तारीख छायाचित्रातूनच उचलली जाते. करडा धोबी जानेवारीतही आपल्याकडे असतो, त्यामुळे त्या चुकीची कोणाला शंकासुद्धा आली नसती. पण जानेवारीत, जेव्हा कातळ वाळून पायाला चटके देऊ लागतो, तेव्हा तिथे सीतेची आसवे फुलल्याची नोंद माझ्या नावावर चढायची होती. तेव्हा घड्याळ लावावे.

निघण्याच्या आठ दिवस आधी गावी फोन करावा. गणपतीपूर्वी घराभोवती बेणणी होते, आणि आता गवत कापायचे यंत्र आल्यापासून ती अर्ध्या दिवसात, मुळापर्यंत होते. अंगण आणि वाट साफ व्हायलाच हवी, पाहुणे येणार असतात. परंतु गडग्यालगतची दोन हात पट्टी आणि विहिरीमागचा कोपरा तेवढा ठेवावा, अशी विनंती वेळेवर केली तर मान्य होते. ती पट्टी राहिली तर केना, कुर्डू, कवला, टाकळा आणि त्यांच्यावरचे निम्मे किडे राहतात. मी फोन केला होता, त्यामुळे फुले भरपूर मिळाली. तारखा मिळाल्या नाहीत. तेरड्याचे छायाचित्र गौरी आणण्याच्या आदल्या दिवसापर्यंत घेऊन टाकावे, कारण त्यानंतर कुंपणाकाठचा तेरडा पोरे उपटून नेतात आणि त्यावर आपला काही हक्क राहत नाही.

बॅटऱ्या, कार्ड, चार्जर यांविषयी सांगण्याची गरज नाही. सिलिका जेलच्या पुड्या मात्र नव्या घ्याव्यात किंवा जुन्या नीट तापवून कोरड्या कराव्यात, कारण भाद्रपदातल्या कोकणातली हवा भिंगाच्या आत बुरशी धरवण्यास पुरेशी असते आणि एकदा धरलेली बुरशी काढण्याचा खर्च ऐकून माणूस भिंगच टाकून देतो. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातून उतरल्यावर कॅमेऱ्याची पिशवी अर्धा-पाऊण तास बंदच ठेवावी. थंड भिंगावर बाहेरची दमट हवा लागली की ते आतबाहेर धुक्याने भरते आणि पुसण्याने उपयोग होत नाही.

भिंगे दोन असावीत, एक पक्ष्यांसाठी चारशे मिलिमीटरच्या आसपासचे आणि एक किड्यांसाठी मॅक्रो. एकच नेता येत असेल तर लांबचे न्यावे, कारण फुलपाखरू आणि चतुर त्यानेही दोन मीटरवरून बरे टिपता येतात, पण मॅक्रोने उंबरावरचा हळद्या टिपता येत नाही. जी सेटिंग्ज बाहेर गेल्यावर आठवत नाहीत ती घरीच ठरवून ठेवावीत: शिंजिरासारख्या चंचल पक्ष्याला शटर सेकंदाच्या एक हजारांशपेक्षा मंद ठेवू नये, ढगाळ उजेडात आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, सोळाशे-बत्तीसशेपर्यंत नेण्यास घाबरू नये, काळ्या कोतवालासाठी एक्स्पोजर थोडे वाढवावे, पांढऱ्या बगळ्यासाठी कमी करावे, आणि बगळा उडून गेल्यावर ते पुन्हा शून्यावर आणावे. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात. मीही विसरतो, पण त्याने चार चित्रे बिघडतात, नऊशे नव्हे. किड्यांसाठी फ्लॅश वापरायचा असेल तर त्यापुढे बटर पेपर लावावा, अन्यथा भुंग्याच्या पाठीवर नुसता पांढरा डाग येतो.

पहिल्या दिवशी कॅमेरा घरातच ठेवून एक फेरी मारावी, हे मला पटायला बरीच वर्षे लागली. कोणत्या उंबराला फळे आहेत, केळफुलावर शिंजीर कोणत्या वेळी येतो, उतरते ऊन कुठे पडते, हे पाहून ठेवले की पुढचे सर्व दिवस वाचतात. परसातली लिंबाची आणि कढीपत्त्याची झाडे पाने उलटून पाहावीत. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, आणि लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत असल्याने आपण त्या झटकूनही टाकलेल्या असतात. आंब्याच्या पानावर बॅरन फुलपाखराची अळी मधल्या शिरेवर अशी पडून राहते की तिच्या अंगावरचे काटे पानाच्या शिराच वाटतात. शेजाऱ्याच्या आगरात शिरण्यापूर्वी विचारावे, आणि विहिरीकडे किंवा न्हाणीकडे लांब भिंग रोखून उभे राहू नये, मग पलीकडे खंड्या असो की आणखी काही. कॅमेरा घरात असताना, त्याच दुपारी, घड्याळ लावावे.

सड्यावर जाताना गमबूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. तिथली फुले बोटभर उंचीची असतात, सीतेची आसवे आणि गेंद टिपण्यासाठी पालथे पडावे लागते, आणि रत्नागिरीच्या कातळावर फुरसे हा साप मुबलक आहे. तो लहान असतो, दगडाच्या रंगाचा असतो आणि दगडाखाली किंवा दगडालगत बसलेला असतो, तेव्हा आडवे होण्यापूर्वी जागा काठीने चाचपून पाहावी, प्लास्टिकची चादर अंथरावी आणि आधार म्हणून कोणत्याही दगडाखाली बोटे सरकवू नयेत. सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात असते, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे. याविषयी थट्टा करणाऱ्याला बरोबर नेऊ नये. पाण्याच्या पातळ थरावर पाय टाकतानाही विचार करावा. त्या ओल्या मातीतच सीतेच्या आसवांच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडत असतात आणि एका बुटाखाली शेदीडशे झाडे जातात.

रोज सकाळी पहिले छायाचित्र मोबाइलच्या पडद्याचे घ्यावे, तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ दिसेल असे. कॅमेऱ्याचे घड्याळ लावले असले तरी घ्यावे. लावले नसेल तर या एका छायाचित्रावरून त्या दिवसाच्या सर्व वेळा नंतर संगणकावर सरकवून घेता येतात. मी असे अकरा फोटो काढले असते तर हा मजकूर लिहिण्याची वेळ आली नसती. घड्याळ लावतानाही घाई नको: सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा यांत अनेक कॅमेरे गोंधळ होऊ देतात, आणि मग रातव्यासारख्या निशाचर पक्ष्याची नोंद भर दुपारची होते.

फुलाचे छायाचित्र म्हणजे पाकळ्यांचे छायाचित्र नव्हे. पान, पानाची मागची बाजू, देठ, पूर्ण झाड आणि शेजारी एक नाणे, एवढे नसेल तर जाणकारसुद्धा ओळख सांगत नाहीत. हबे आमरीसारख्या आमरीची (ऑर्किडची) तर मागची सोंड दिसलीच पाहिजे. फुलपाखराचे पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही. पक्ष्याचे आधी वाईट का होईना एक छायाचित्र घ्यावे, मग चांगल्याच्या मागे लागावे. घरट्यापाशी जाऊ नये. फूल तोडून सोयीच्या जागी ठेवू नये, आणि दव म्हणून पाणी फवारू नये, ते ओळखू येते. किडे पहाटे गारठलेले असतात, तेव्हाच जावे. नऊनंतर त्यांच्यामागे धावणे हा व्यायाम आहे.

संध्याकाळी वहीत तारीख, जागा आणि पाहिलेल्यांची नावे लिहावीत. मी नावे लिहिली होती, तारीख कॅमेऱ्यात आहेच म्हणून लिहिली नव्हती.

परतल्यावर छायाचित्रे संगणकावर उतरवताना नावे बदलू नयेत. तारखेवरून नावे देण्याची सोय मी हौसेने लावून ठेवली होती, त्यामुळे कॅमेऱ्याने दिलेले क्रमांकही गेले आणि अकरा सकाळी एकमेकींत मिसळल्या. कार्ड लगेच पुसू नये. दोन प्रती कराव्यात. नोंदी 5 ते 12 नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहापर्यंत चढवून टाकाव्यात, नाहीतर राहतात.

भिंगे पुसावीत, सिलिका बदलावी, बॅटरी काढावी, डबा बंद करावा. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एक चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर ‘घड्याळ’ असे लिहावे. मी लाल शाईने लिहिले आहे.