लेखनाचा तास, घर आणि घरचा देव

यंदा साताऱ्यात बी.ए.ला मराठी घेऊन जे आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सर्जनशील लेखनाच्या तासाला लवकरच घरावर लिहायला सांगतील, आणि घर म्हटलं की बहुतेकांच्या वहीत देव येतोच, भांडणातून का होईना. किती पानं लिहायची, प्रकल्प कधी द्यायचा हे वर्गात कळेल. मला सांगायचंय ते फक्त शेवटच्या परिच्छेदाबद्दल. तिथे मी अडकले होते आणि अजूनही तिथे पोचले की हात थबकतो.

आमचं गाव फलटण तालुक्यात, तरडगावच्या बाजूला. नीरास्नान झालं की माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम होतो आणि पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण लागतं. त्या दिवसांत आमच्या घरी पहाटेपासून भाकऱ्या थापणं चालू असतं. आजी माळकरी. आण्णाही, म्हणजे माझे वडील, माळकरी होते. मी शाळेत असताना एक दिवस त्यांनी माळ काढून ठेवली. कुणाशी भांडण नाही, खाण्यापिण्यात फरक नाही, दिंडीला जेवण द्यायचंही थांबलं नाही. गळा तेवढा मोकळा. त्यावर घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. वर्गात विषय मिळाल्यावर मला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

सुरुवात चांगली झाली. पिठाचा डबा, आजीची एकादशी, दारातून जाणाऱ्या दिंड्या, सगळं भराभर आलं. मग शेवट आला.

शाळेत आपल्याला निबंधाचा साचा हाताला बसवून दिलेला असतो. प्रस्तावना, मुद्दे, समारोप, आणि समारोपात एखादा सुविचार किंवा अभंगाची ओळ. पावसाळ्यावर लिहिताना त्याने काही बिघडत नाही. पण घरच्या श्रद्धेवर लिहिताना तो समारोप तुमच्याकडे निकाल मागतो. निकालही दोनच तयार असतात. एक, घरचे लोक भोळे, शिक्षणाने मला दृष्टी दिली. दुसरा, शेवटी आजीचंच खरं, विठ्ठलच तारणारा. तुम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे असता, देवाबद्दल तुमचं स्वतःचं काहीच ठरलेलं नसतं. पण परिच्छेद पुरा करायचा असतो, म्हणून तुम्ही ठरवून टाकता.

मी लिहिलं, दुष्काळाने आण्णांचा देवावरचा विश्वास उडवला. वाक्य कानाला छान वाटत होतं. बाईंनी समासात एवढंच विचारलं, ‘हे ते म्हणाले का?’ ते म्हणाले नव्हते. त्यांनी माळ का काढली हे मला माहीतच नव्हतं. परिच्छेदाला शेवट हवा होता म्हणून मी माझ्या बापाच्या मनात कारण घालून ठेवलं.

हे मी ताणून सांगतेय, कारण यात होणारं नुकसान गुणांचं नसतं. मला गुण बरे पडले असते. नुकसान असं, की लिहिलेलं वाक्य डोक्यात राहतं. त्या सुट्टीत मी घरी गेले आणि आण्णा अंगणात दाव्याला पीळ देत बसले होते, तर मला दिसत होता विश्वास उडालेला माणूस. ते नेहमीसारखेच बसले होते. बघणं माझं बदललं होतं, आणि तेही मीच बनवलेल्या वाक्यामुळे. आजीला मी ते वाक्य सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुझा बा बोलला व्हय तुला असं?’ बाईंचाच प्रश्न.

म्हणून पहिला मसुदा झाला की शेवटच्या परिच्छेदावर कागद ठेवा आणि वरचं वाचा. काही अडलं का? बहुतेक वेळा नाही अडत. मग एखाद्या माणसाला काय वाटतं, तो काय मानतो असं सांगणारं प्रत्येक वाक्य शोधा आणि शेजारी पेन्सिलीने लिहा, हे मला कुणी सांगितलं किंवा मी काय पाहिलं. शेजारची जागा कोरी राहिली तर वाक्य काढा, मग ते कितीही आवडतं असो. श्रद्धा, अंधश्रद्धा, संस्कार हे शब्द पहिल्या मसुद्यात वापरूच नका. आजी श्रद्धाळू आहे असं लिहिण्यापेक्षा ती ताप असतानाही एकादशीला भगर नाकारून नुसत्या पाण्यावर राहते असं लिहा. वाचणाऱ्याला काय म्हणायचं ते तो म्हणेल.

घरचं लिहिणं जड जात असेल तर सज्जनगडावर जा. समर्थांच्या समाधीशी येणारे लोक हाताने काय करतात तेवढंच टिपा. किंवा माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर बसा, तिथे दशक्रियेला आलेली घरं असतात. लांबून पाहा, फोटो काढू नका.

वर्गातल्या सगळ्यांच्या घरी एकच देव नसतो, हेही लक्षात असू द्या. ‘आपल्याकडे’, ‘आपला विठोबा’ असं लिहून वाचायला उभे राहाल तर समोरचे काही जण त्या ‘आपल्या’त नसतील. 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्यातल्या ज्या शाळेत दाखल झालं, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं की तिचे वडील दर वर्षी त्या दिवशी तिला तिथे नेतात आणि फाटकाशी चपला काढतात. कुणीतरी विचारलं, मग ही श्रद्धाच ना? ती म्हणाली, ‘मला माहीत नाही, मी चपलांचं लिहिलंय.’ आमच्या वर्गात त्यापेक्षा चांगलं वाक्य मी ऐकलेलं नाही. जोतीरावांचं मूळ गाव कटगुणही याच जिल्ह्यातलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली याच शहरात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. वेगवेगळ्या घरांतली मुलं एका पंगतीला बसणं इथे नवं नाही. तेव्हा घाबरू नका, ऐकून घेणारे लोक मिळतात.

मागच्या वर्षीच्या मुलांचे प्रकल्प मागून आणू नका. चॅटजीपीटीला तर घरच्या देवाबद्दल अजिबात विचारू नका. ते हटकून गोड समारोप करून देतं आणि तोच तर मुळातला सापळा. ज्या शिक्षकांना तुमचं पहिलंच लेखन फार आवडतं त्यांच्यावर माझा विश्वास कमी आहे. समासात प्रश्न लिहिणारे धरा. त्यांचा राग येतो, येऊ द्या.

घरी दाखवायचं का, यावर मुलांची मतं वेगळी आहेत. माझं मत पक्कं आहे. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो जिवंत असेल तर त्याला आधी वाचून दाखवा. घरात मारहाण होत असेल, लिहिलेलं सापडलं तर शिक्षण बंद होईल अशी भीती असेल, तर मुळीच दाखवू नका. बाईंना किंवा सरांना आधी सांगा, नावं-गाव बदलून द्या. त्यात लाज नाही. बाकीच्यांनी धीर करावा. मी वाचलं तेव्हा आण्णा शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, ‘माळ कपाटात न्हाई. देवळीत हाय, आजीच्या पोथीमागं.’ कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कपाट खोडून देवळी लिहिलं आणि समारोप काढून टाकला.

अडचण एकच येईल. वाचून दाखवायला गावी जावं लागतं आणि अंतर्गत मूल्यमापनाची तारीख बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीआधी असते. तारीख लागायच्या आतच जाऊन मुदत मागा. कारण खरं सांगा, घरी वाचून दाखवायचंय म्हणून. आम्हाला मिळाली होती.