मुख्य डिस्कची केबल काढा, मग बॅकअप डिस्क सुरू होते का बघा

कऱ्हाडला माझं डीटीपीचं दुकान आहे. मशीन (कॉम्प्युटर) दोन. एकावर नुसती बिलं निघतात, दुसऱ्यावर सगळा प्रपंच: लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. ग्राहकांच्या फाइली पेनड्राइव्हवरही ठेवता येतात, त्याचं काही नाही. पण पेजमेकर, कोरलड्रॉ, जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल, तीन प्रिंटरचे ड्रायव्हर हे सगळं नव्यानं बसवायचं म्हटलं की दोन दिवस दुकान बंद. म्हणून दर महिन्याच्या शेवटी मी सगळी विंडोज दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे एसएसडीवर, क्लोन मारून (हुबेहूब नक्कल करून) ठेवते. ती एसएसडी कॅबिनेटमध्येच असते.

मशीन सुरू केलं की निळ्या पडद्यावर दोन नावं यायची, एक नेहमीची विंडोज आणि एक बॅकअपची. गेल्या वर्षी विंडोज उघडेना म्हणून दुरुस्तीला आलेल्या मुलानं बूटची (मशीन सुरू करणारी) फाइल नव्यानं बनवून दिली. मशीन सुरू झालं, पण दुसरं नाव गेलं. मी फोन केला, त्यानं येऊन दोन मिनिटांत परत आणून दिलं. मी खूश.

मग एकदा ब्लोअरनं कॅबिनेट साफ करताना मुख्य डिस्कची केबल ढिली राहिली. मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, बूट करायला डिस्क सापडत नाही म्हणून. बॅकअपची एसएसडी जागच्या जागी होती, लाइट होती, तिच्यात अख्खी विंडोज होती. तरी मशीनला ती दिसत नव्हती. कारण तो दोन नावांचा निळा पडदा मुख्य डिस्कवरच होता! म्हणजे ज्या दिवशी मुख्य डिस्क जाईल, त्याच दिवशी बॅकअपचा पर्यायही तिच्यासोबत जाणार. किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून, तसला प्रकार.

तेव्हा बॅकअपचा पर्याय "परत आणायचा" तर तो बॅकअप डिस्कवरच आणायचा. हे मी आता स्वतः करते, आणि ओळखीच्या डीटीपीवाल्यांना फोनवर सांगते. फोनवर सांगते तसंच इथं लिहिलंय. कमांड मराठी अक्षरात आहेत, टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरं. आपल्या लोकांचा की-बोर्ड बहुतेक वेळा मराठीत अडकलेला असतो, तो आधी बदलून घ्या. एका बाईंना मी दहा मिनिटं कमांड सांगत होते आणि त्यांच्या पडद्यावर नुसती चौकटींची रांग उमटत होती.

हात लावण्याआधी दोन कामं. एक, मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती सापडते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) काही बदललं की मशीन ती मागू शकतं, आणि मागेल तेव्हा दुसरा इलाज नसतो. दुसरं, बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मदरबोर्डवरचा सेल (सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे मिळतो) संपला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. साटाची सेटिंग (मशीन डिस्कशी कसं बोलतं ती) एएचसीआयवरून रेडवर गेली, की डिस्क धडधाकट असूनही विंडोज निळा पडदा दाखवते. फोटो असेल तर एका मिनिटात कळतं काय हललंय ते.

आता मशीन कोणत्या पद्धतीनं सुरू होतं ते बघा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून 'एमएसइन्फो३२' लिहा. उघडलेल्या यादीत 'बायोस मोड' पुढे यूईएफआय (नवी पद्धत) किंवा लेगसी (जुनी पद्धत) लिहिलेलं असतं. अलीकडच्या बहुतेक मशीनवर यूईएफआय असतं, आणि पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे. लेगसी असेल तर शेवटाकडे या.

नंतर डिस्क मॅनेजमेंट उघडा. बॅकअप डिस्कच्या डाव्या चौकटीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथं 'पार्टिशन स्टाइल' जीपीटी (डिस्कच्या तुकड्यांची नोंद ठेवायची नवी पद्धत) असायला हवी. आणि खाली त्या डिस्कच्या पट्टीत सुरुवातीला किंवा कडेला एक छोटा तुकडा आहे का बघा, ज्यावर 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' लिहिलेलं असतं. साधारण १०० एमबीचा. माझ्या डिस्कवर तो नव्हताच. क्लोन मारताना मी फक्त सी ड्राइव्हवर टिक केली होती, कारण माझं सगळं काम सी वर, बाकीचे बारके तुकडे कशाला, असा माझा हिशेब. तोच बारका तुकडा मशीन सुरू करतो.

त्याचं असं आहे. यूईएफआय मशीन विंडोजला थेट ओळखत नाही. त्याला फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या त्या छोट्या तुकड्यातली फाइल वाचता येते. विंडोज बसते तेव्हा त्या फाइलचा पत्ता मदरबोर्डच्या मेमरीत लिहून ठेवते. हा पत्ता पुसला गेला, किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, तर मशीन ठरलेल्या जागी शोधतं: ईएफआय नावाचा फोल्डर, त्यात बूट नावाचा फोल्डर, त्यात 'बूटएक्स६४' नावाची आणि पुढे टिंब ईएफआय असलेली फाइल. ही त्या जागी असली की परक्या मदरबोर्डवरही बॅकअप डिस्क यादीत येण्याची शक्यता चांगली. नसली तर तिच्यातल्या विंडोजचा उपयोग नाही.

म्हणून तो तुकडा आणि ती फाइल तयार करू. मुख्य विंडोज सुरू असतानाच हे होतं. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, राइट क्लिक, 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'. काळ्या खिडकीत:

डिस्कपार्ट
लिस्ट व्हॉल्यूम

यादी नीट वाचा. आकारावरून आणि अक्षरावरून बॅकअपची विंडोज कोणती ते ओळखा. माझ्याकडे ती जी ड्राइव्ह आहे आणि यादीत तिचा नंबर ४ आहे, तुमच्याकडे वेगळा असेल. या खिडकीत एक शब्द चुकूनही लिहायचा नाही: क्लीन. बाकी ठिकाणी विंडोज दहा वेळा 'खात्री आहे का' विचारते, इथं एकदाही विचारत नाही, डिस्कवरचे सगळे तुकडे तिथल्या तिथं पुसते.

छोटा तुकडा नसेल तर बॅकअपच्या विंडोजमधून थोडी जागा कापून तो बनवायचा:

सिलेक्ट व्हॉल्यूम ४
श्रिंक डिझायर्ड=३००
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२
असाइन लेटर=झेड
एक्झिट

तुकडा आधीपासून असेल तर मधल्या तीन ओळी (श्रिंक, क्रिएट, फॉरमॅट) सोडा. बॅकअप डिस्कवरचाच तो फॅट३२ चा व्हॉल्यूम निवडा, त्याला झेड अक्षर द्या आणि बाहेर पडा. यादीत दोन्ही डिस्कचे तुकडे सारख्याच आकाराचे दिसतात, तिथं गोंधळ होतो. मग आधी 'लिस्ट डिस्क', 'सिलेक्ट डिस्क' करून 'लिस्ट पार्टिशन' बघा, म्हणजे त्या एकाच डिस्कचे तुकडे दिसतील.

आता मुख्य कमांड, एकाच ओळीत:

बीसीडीबूट जी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय

फोनवर सगळ्यात जास्त वेळ याच ओळीला जातो. बीसीडीबूट हा एक शब्द, मग जागा. जी, दोन टिंबं, उलटी तिरकी रेघ (एंटरच्या वरची), विंडोज, जागा. सुलटी तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या खालची), एस, जागा, झेड, दोन टिंबं, जागा. पुन्हा सुलटी रेघ, एफ, जागा, यूईएफआय. तुकड्याला मी मुद्दाम झेड अक्षर देते. लोक एस देतात, मग 'स्लॅश एस एस' असं काहीतरी होतं आणि समोरचा माणूस एक एस खातो.

अर्थ साधा आहे: जी वरच्या विंडोजला सुरू करणाऱ्या फाइली झेड मध्ये ठेव. /एस झेड: हा भाग विसरलात तर फाइली मशीन आत्ता ज्या तुकड्यावरून सुरू झालंय तिथं जातात, म्हणजे मुख्य डिस्कवर. दुरुस्तीवाल्या मुलानं नेमकं हेच केलं होतं. कमांड चुकीची नव्हती, पत्ता चुकीचा होता.

'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' असं उत्तर आलं की झालं. 'फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग टू कॉपी' आलं तर पहिला संशय झेड वर घ्या, तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट झालेला नसतो किंवा खिडकी अॅडमिनिस्ट्रेटरची नसते. मग एकदा खात्री करा:

डीआयआर झेड:\ईएफआय\बूट

मघाशी सांगितलेली बूटएक्स६४ फाइल इथं दिसली पाहिजे. नसेल तर तो फोल्डर करा, झेडच्या ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट या फोल्डरमधून 'बूटएमजीएफडब्ल्यू' ही फाइल त्यात कॉपी करा आणि कॉपीचं नाव बदलून बूटएक्स६४ करा. शेवटचं टिंब ईएफआय तसंच ठेवायचं.

इंटरनेटवर या ठिकाणी बूटरेकच्या (विंडोजच्या बूट-दुरुस्तीच्या) तीन-चार कमांड सांगतात. त्यातली फिक्सबूट विंडोज १० वर पुष्कळदा 'अॅक्सेस इज डिनाइड' म्हणून बसते. यूईएफआयसाठी मी तिच्या नादाला लागत नाही.

आता चाचणी, आणि ती केबल काढूनच. मशीन बंद, मागचं बटण बंद, मुख्य डिस्कची डेटा केबल काढा. सुरू करताना बूट मेनूची की दाबत राहा: डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या मदरबोर्डला एफ८, एमएसआयला एफ११. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आणि पुढे बॅकअप डिस्कचं नाव दिसायला हवं. डिस्क यादीतच नसेल तर बायोसमध्ये जाऊन ती नुसती लागलेली तरी दिसते का बघा. तिथंही नसेल तर प्रश्न केबलचा आहे, वरची सगळी उठाठेव करून उपयोग नाही.

डिस्क यादीत आली, पण निवडल्यावर निळा पडदा आणि ०एक्ससी०००००० च्या पुढे ई असा कोड आला, तर फाइल सापडली पण तिच्यात लिहिलेला विंडोजचा पत्ता जुना आहे. दोन हुबेहूब डिस्क एकाच मशीनला लागल्या की विंडोज एकीला ऑफलाइन ठेवते. आपण डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला ऑनलाइन केलं, की विंडोज तिची ओळखखूण बदलते आणि जुना पत्ता बाद होतो. उपाय तोच, बीसीडीबूटची ओळ पुन्हा चालवा. क्लोन नवीन मारला की माझ्याकडे ही ओळ दर वेळी चालते.

बॅकअप डिस्क यूएसबी केसमध्ये ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साधी विंडोज यूएसबीवरून सुरू व्हायला बनवलेली नाही. यादीत नाव दिसेल, गोल फिरायला लागेल आणि 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबेल. डिस्क केसमधून काढा, मुख्य डिस्कच्याच केबलला लावा आणि मग चाचणी घ्या. खऱ्या अडचणीच्या दिवशीही तेच करायचंय.

मुख्य डिस्क आधीच मेली असेल तर दुसऱ्या मशीनवर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून सुरू करा आणि पहिल्याच पानावर शिफ्ट आणि एफ१० दाबा. तीच काळी खिडकी उघडते, कमांडही त्याच. फक्त तिथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, तुमची जी तिथं सी किंवा डी असू शकते. लिस्ट व्हॉल्यूम बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आणि लेगसीवाले. बॅकअप डिस्क एमबीआर (जीपीटीच्या आधीची जुनी पद्धत) असेल तर तिच्यावर ईएफआयचा तुकडा बनतच नाही. जुन्या मदरबोर्डला बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू करायची सोय) चालू केलं की ती डिस्क यादीत परत दिसते, सेल बदलल्यावर बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. पण नवीन मदरबोर्डवर सीएसएम असेलच असं नाही. इंटेलनं २०२० पर्यंत जुन्या बायोसचा आधार काढण्याचं २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. मुख्य डिस्क ठीक असेपर्यंत तीच 'एमबीआर२जीपीटी'नं जीपीटी करून घ्या, ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. डिस्क जीपीटी झाली की बायोसही यूईएफआयवर न्यायचं, आणि मग नवीन अख्खा क्लोन मारायचा. सगळ्या तुकड्यांवर टिक करून.

चाचणी जमली की बॅकअपच्या विंडोजमध्ये वॉलपेपर लाल करते, म्हणजे आपण कुठं बसलोय ते लगेच कळतं. एकदा बॅकअपमध्ये बसूनच मी अख्खी पत्रिका केली होती आणि दुसऱ्या दिवशी मुख्य डिस्कवर शोधत बसले. मशीन बंद करून मुख्य केबल परत लावा, आणि बायोसमध्ये जाऊन आधी कोणती डिस्क घ्यायची तो क्रम बघून घ्या. केबल काढल्यावर काही मदरबोर्ड मुख्य डिस्कचा पत्ता पुसतात आणि बॅकअपला पहिला नंबर देऊन टाकतात. माझ्या बॅकअप एसएसडीवर पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावर पेन्सिलनं तारीख: क्लोन कधी मारला ती नाही, केबल काढून शेवटचं कधी सुरू करून बघितलं ती.