पाटाला कमी खर्चात अस्तर

शेतात पाणी नेणाऱ्या पाटाला अस्तर, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून आतून थर देण्याआधी, पाणी नेमकं कुठे मुरतंय ते शोधा. पाटाचा छोटा तुकडा दोन्ही बाजूंनी मातीने अडवून पाण्याने भरा, काठीवर पातळीची खूण करा आणि काही तासांनी बघा. बहुतेकदा मुरमाड किंवा वाळूचे मोजकेच पट्टे पाणी खातात. तेवढ्यालाच अस्तर दिलं तरी मोठा फरक पडतो.

माती रेताड असेल तर मला सिमेंट-मातीचं मिश्रण सगळ्यात भरवशाचं वाटतं. चाळलेली माती 10 घमेली, सिमेंट 1 घमेलं. आधी कोरडंच कालवा, मग मुठीत लाडू वळेल इतकंच पाणी घाला. 7-8 सेंमी जाडीचा थर धुम्मसाने (माती ठोकून बसवायच्या जड अवजाराने) ठोका आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. ही ओल टाळली तर सिमेंट वाया गेलंच म्हणून समजा.

चिकणमाती जवळच मिळत असेल तर ती स्वस्त, पण पाट वरचेवर कोरडा पडत असेल तर भेगा पडतात. त्यात थोडी वाळू मिसळा.

अस्तराला प्लास्टिक कागद वापरलात तर तो उघडा ठेवू नका, उन्हाने फाटतो. त्यावर वीतभर माती हवी, आणि ती घसरू नये म्हणून काठांचा उतार पसरट ठेवा.